मोतीरामचा कॅन

पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन, झाकणाला सुतळीची गाठ, भोवती ओला टॉवेल गुंडाळलेला. वर्षातून दोनदा, सकाळी साडेनऊच्या सुमारास तो आमच्या लॅबच्या काउंटरवर यायचा. आणणारा मोतीराम मंडलिक, राहणार मखमलाबाद. आत चोवीस तासांची लघवी असायची, त्याच्या मुलाची, दीपकची.

मी विचारायचो, "काय मोतीराम, मुलगा कसा आहे?"

तो कॅनवर हात ठेवून म्हणायचा, "हा काय, आणलाय ना."

पहिल्यांदा मला हसू आलं. मला तेव्हा कशाचंही हसू यायचं, आणि त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे. नंतर कळलं की हा माणूस विनोद करत नव्हता. मुलगा आईबरोबर दिंडोरीच्या पुढे आजोबांच्या मळ्यात, बाप मखमलाबादला, आणि मधल्या सात वर्षांत बापाच्या वाट्याला मुलाचं एवढंच येत होतं. तेही तो एसटीत मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून आणायचा.

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या त्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं टेक्निशियन होतो. स्वभाव तिरसट. सांगितलेलं नीट न ऐकणाऱ्याला मी चारचौघांत झापायचो, आणि झापण्याचा कंटाळा आला की टिंगल करायचो. लोक म्हणायचे, तोंडाने वाईट पण सुईला हात हलका. मोतीरामच्या घराशी माझी ओळख झाली ती झापण्यातूनच.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मोतीरामची मोठी मुलगी छाया तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला दोनदा कावीळ होऊन गेली होती. दोन्ही वेळा शेजारच्या चांगुणाबाईंनी तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. काड्यांची ती माळ सुकेल तशी लांब होत पोटापर्यंत आली, डोळे पांढरे झाले, आणि घरचे निश्चिंत झाले. तिसऱ्या खेपेला माळ लांब झाली, पण पोटही वाढलं आणि पाय सुजले. तेव्हा कुठे तिला आमच्या वरच्या मजल्यावर डॉ. कर्णिकांकडे आणलं.

कर्णिक पोटाचे डॉक्टर, फार कमी बोलणारे. त्यांनी आधी घरातल्या पुड्या, काढे, टीबीच्या गोळ्या असं सगळं खोदून विचारलं, कारण औषधानेही लिव्हर बिघडतं आणि लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात. मग शरीर आपल्याच लिव्हरवर उलटलंय का ते बघायला रक्त मुंबईला पाठवलं. तो रिपोर्ट यायच्या आधीच त्यांनी छायाला खिडकीशी उभं केलं आणि बॅटरी तिरकी धरून तिच्या डोळ्यांत पाहिलं. मला वर बोलावून म्हणाले, "बघून ठेवा. नोकरीत पुन्हा दिसेल न दिसेल."

बुबुळाच्या काठाने एक बारीक तपकिरी कडं होतं. ते तांब्याचं होतं. अन्नातून येणारं जास्तीचं तांबं लिव्हर बाहेर टाकत असतं, हिच्या लिव्हरला ते जन्मापासून जमत नव्हतं. तांबं आधी लिव्हरमध्ये साठत गेलं, तिथे जागा उरली नाही तसं डोळ्यांत उतरलं. विल्सनचा आजार म्हणतात याला.

खात्रीसाठी चोवीस तासांची लघवी हवी होती. छायाच्या आईला, सिंधुबाईंना, मी खास धुतलेला कॅन दिला आणि दोनदा समजावलं. दहा दिवसांनी मुंबईहून फोन आला, की हा नमुना आहे का भंगार? एवढं तांबं माणसात नसतं. चौकशी केल्यावर कळलं की डॉक्टरांकडे द्यायची वस्तू चांगल्या भांड्यात धरावी म्हणून सिंधुबाईंनी लग्नात आलेला तांब्याचा गडू माळ्यावरून काढून, चिंचेने घासून लख्ख करून वापरला होता. मी त्या बाईला काउंटरसमोर उभी करून असं काही बोललो की बाकावर बसलेले पेशंट खाली बघायला लागले.

बाकावरूनच छाया म्हणाली, "काका, गडू पण पाठवा ना मुंबईला. मग कळंल कोणाचं किती ते."

पोट फुगलेलं, पाय सुजलेले, आणि पोरगी मलाच चिडवत होती.  पुढच्या प्रत्येक खेपेला ती दारातूनच विचारायची, "काका, माझं तांबं वितळवलं तर केवढा हंडा होईल?" मी म्हणायचो, हंडा नाही, फार तर पळी होईल. ती खट्टू झाल्याचं नाटक करायची. आमच्या लॅबमध्ये हसत येणारं पेशंट मी तेवढं एकच पाहिलं.

दुसरा नमुना नीट आला आणि निदान पक्कं झालं. आजार आईबापांकडून येतो म्हणून कर्णिकांनी पाच वर्षांच्या दीपकलाही तपासलं. पोरगं टुणटुणीत, पण रक्तात तोच दोष. दोघांना सारखीच कॅप्सूल लिहून दिली. ती तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. उपाशीपोटी घ्यायची, रोज, आणि जन्मभर.

आता मोतीराम कोण ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागांत मोरचूद-चुन्याचं मिश्रण बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. केवड्यावर, म्हणजे पानावर पांढरी बुरशी येते त्या रोगावर, बागेला हे निळं पाणी मारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. त्यात चुना बरोबर बेताने पडावा लागतो, कमी पडला तर पानं करपतात. ते बघायची मोतीरामची एक रीत होती. विळ्याचं पातं विटकरीने घासून पांढरं करायचं, मिश्रणात बुडवायचं आणि उन्हात धरायचं. पात्यावर लालसर थर आला तर मोरचूद अजून मोकळा आहे, चुना वाढवा. पातं स्वच्छ निघालं तर खुशाल फवारा. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागाईतदार त्याला घरून गाडी पाठवून न्यायचे. त्याच्या नखांच्या कडा वर्षभर निळ्या असायच्या.

असा माणूस डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो की मुलीच्या पोटात तांबं साठलंय. त्याने तिथेच आपले हात पाहिले. तो मला जिन्यात म्हणाला, "फवारणी करून यायचो आन् तसंच पोरीला उचलून घ्यायचो, साहेब. ती बोटं चोखायची माझी."

कर्णिकांनी त्याला तीन वेळा सांगितलं की हे हातावरून आलेलं नाही. दोष दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा लपून असतो, तसे दोघे एकत्र आले की मुलात उतरतो. सिंधुबाई मोतीरामच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे हक्काचं नातं, त्यात कोणी वावगं पाहत नाही. पण एकाच घरचं रक्त असलं की असे दोन अर्धे भेटायची शक्यता वाढते, असं डॉक्टर म्हणाले. मोतीरामने मान डोलावली आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की माझ्या मोरचुदाने पोरांना बाधलं. त्याने फवारणी सोडली आणि घरच्या वीस गुंठ्यांत शेवंती लावली.

मी त्याच्यावर उखडलो. एवढं शास्त्र समजावून सांगितलं तरी अडाण्यासारखं काय धरून बसलात, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "कळलंय मला. पण रक्तातलं म्हटलं तर सिंधूवर पण येतं, साहेब. मोरचूद म्हटलं की माझ्या एकट्यावर ऱ्हातं."



छाया सुधारली. पोट उतरलं, पाय उतरले, ती शाळेत जायला लागली. दर सहा महिन्यांनी लघवीतल्या तांब्याचा आकडा यायचा. अठराशेवरून हजार, हजारावरून सहाशे, मग चारशे. मी आकडा वाचून म्हणायचो, "छान, उतरला." मोतीरामचा चेहरा उजळायचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मलाही बरं वाटायचं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये तो रिपोर्ट घ्यायला आला. लॅबमध्ये गर्दी होती, वीज गेलेली होती, माझं डोकं फिरलेलं होतं. तो विचारायला लागला, "साहेब, तांबं अजून मोकळं हाय का नाय ते विळ्याच्या पात्यावर दिसंल का?"

मी मान वर न करता म्हणालो, "बघा की करून. मुंबईचं पोस्ट तरी वाचेल."

बाकावरचे दोघेतिघे हसले. मीही हसलो. तो हसला नाही, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्याने करून पाहिलं. विटकरीने पातं घासलं, पोरीच्या लघवीत बुडवलं, उन्हात धरलं. पातं स्वच्छ. आठ दिवस रोज केलं, रोज स्वच्छ. लघवीतलं तांबं इतकं सूक्ष्म असतं की मुंबईच्या यंत्रालाच दिसावं, विळ्याला ते काय दिसणार? पण ज्या माणसाने आयुष्यभर त्या पात्यावर विश्वास ठेवला आणि ज्याला ते कधी खोटं बोललं नाही, त्याने याही वेळी विश्वास ठेवला. छायाची कॅप्सूल त्याने बंद केली, तिचा पुढचा नमुनाही आणला नाही. दीपकची सिंधुबाई देत होत्या म्हणून ती चालू राहिली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत छाया पुन्हा पिवळी झाली. या वेळी नऊ दिवसांत सगळं आटोपलं. रक्त मीच काढत होतो. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण सुई टोचली की माझ्याकडे बघून ओठ हलायचे. हंड्याचंच काही म्हणत असेल, असं मी धरून चाललोय. ती पंधराव्या वर्षात होती.

सगळं उघड झालं ते कर्णिकांनी गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा. मोतीरामने विळ्याचं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच उभा होतो, आणि मीही माझं नाव घेतलं नाही. कर्णिक त्याला ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मोतीराम, गोळी तांबं ओढत होती म्हणून ते लघवीत येत होतं. ओढणं थांबलं की लघवी स्वच्छ दिसते आणि लिव्हर भरत जातं."

तेराव्यानंतर सिंधुबाई नऊ वर्षांच्या दीपकला आणि गोळ्यांच्या डबीला घेऊन माहेरी निघाल्या. जाताना भर अंगणात म्हणाल्या, "यांच्या हातचं पाणीसुद्धा नको माझ्या लेकराला."

मोतीरामने कोणाला मध्ये घातलं नाही. एकच गोष्ट मागितली. दीपकची सहामाही तपासणी तर होणारच, तेव्हा कॅन नाशिकला पोचवायचं काम माझ्याकडे द्या. सासऱ्यांनी, म्हणजे खंडेरावमामांनी, ते मान्य केलं. ठरल्या दिवशी म्हातारा दिंडोरी स्टँडवर कॅन आणून द्यायचा, मोतीराम तो घेऊन यायचा. मळ्यापर्यंत जायची त्याला परवानगी नव्हती.

त्या सात वर्षांत हा माणूस कॅन वाचायला शिकला. मी मापून आकडा सांगायचो आणि तो मान डोलवायचा. पहिल्या वर्षी सहाशे मिलिलिटर. "लहान हाय अजून." पुढे नऊशे. "वाढाय लागला." एका उन्हाळ्यात भलतंच भरलं तर म्हणाला, "रसवंतीवर गेला आसंल पोरगा. उसाच्या रसाचं लय वेड त्याला." एका वर्षी कमी भरलं तर दोन दिवस झोपला नाही, ताप आला असेल का म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी कसं सांगणार? दीपकचा आवाज फुटला कधी, मिसरूड आली कधी, त्याला माहीत नव्हतं. चौदाशे झालं त्या दिवशी म्हणाला, "माझ्याएवढा झाला म्हणा की."

एकदा त्याने जुनं रजिस्टर दाखवा म्हणून हट्ट धरला. मी चौऱ्याण्णवपासूनचं काढून दिलं. छायाचं नाव माझ्याच अक्षरात होतं. त्यावर त्याने बोट फिरवलं नाही की काही नाही, नुसता बघत बसला. मग पान उलटून पुढच्या तारखेचं नाव शोधलं, मग त्याच्या पुढच्या. सगळ्या नोंदी बघून झाल्यावर म्हणाला, "सात येळा आली व्हती ती हितं." मला वाटत होतं पाच वेळा. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. खरं सांगायचं तर त्या पोरीची मलाही फार आठवण यायची, आणि मला ती काढायचा हक्क आहे असं कधी वाटलं नाही.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात दीपकचा रिपोर्ट आला. सोळा वर्षांचा झाला होता तो. आधीच्या खेपेला चारशे दहा होता, या वेळी साठ. मोतीराम समोर उभा होता. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "छान, उतरला."

तो काउंटर धरून खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन बाहेर आलो तर म्हणाला, "साहेब, पोरगं गोळी घेत नाय."

"कशावरून?"

"गोळी आत आसती तर असा एकदम उतरला नसता. डाक्टर काय म्हणले व्हते? ओढणं थांबलं की लघवी स्वच्छ."

मी तो कागद पुन्हा वाचला. रिपोर्ट वाचणं हा माझा धंदा. एका पोरीच्या जिवावर शिकलेला धडा मी सात वर्षांत विसरलो होतो, आणि हा चौथी शिकलेला माणूस विसरला नव्हता. मी धावत वर गेलो. कर्णिकांनी आकडा बघताच म्हटलं, "बरोबर बोलतोय तो. आजच्या आज मुलाला आणा. लिव्हर शाबूत असेल तर अजून वेळ गेलेली नाही."

सिंधुबाईंच्या दारात मोतीरामला एकट्याला कोणी उभं केलं नसतं. मी लॅब साहाय्यकाच्या हवाली केली, स्कूटर काढली आणि त्याला मागे बसवलं. दिंडोरी रस्त्याला दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, कुठे कुठे फवारणी चालू. तो वास आला की माझ्या खांद्यावरची त्याची बोटं घट्ट व्हायची. 

मळ्यात सिंधुबाई पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. नवऱ्याला बघताच उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कोणाला इचारून आलात?"

मी रिपोर्टचं सांगितलं. त्या माझ्यावरच चवताळल्या. "रोज माझ्यासमोर घेतो त्यो गोळी. माझ्या डोळ्यांदेखत. तुमच्या मशिनी खोट्या."

आवाज ऐकून दीपक बाहेर आला. उंच, सडसडीत, ओठावर मिसरूड. मोतीरामने त्याला पाहिलं आणि त्याचे हात आपोआप थोडे वर आले, मग त्याने ते मागे घेतले. सात वर्षांनी मुलगा समोर होता, आणि जवळ घ्यायची हिंमत होत नव्हती. त्याने लांबूनच विचारलं, "दीपक, जिभेला चव लागत नाय ना रं?"

दीपक आईकडे बघायला लागला.

"गोळीनं जाती चव," मोतीराम म्हणाला. "भाकरी मातीवानी लागती. आंबट नाय, गोड नाय. बंद केली की मागनं हळूहळू येती. आली ना?"

दीपकने खाली बघून मान हलवली. मग गोठ्यात गेला आणि भिंतीच्या फटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून आणली. आईसमोर जिभेखाली धरायच्या आणि नंतर थुंकून लपवायच्या, अशा पाच महिन्यांच्या कॅप्सूल तिच्यात होत्या, ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या. सिंधुबाई भिंतीला टेकल्या.

"तुमाला कसं ठावं चवीचं?" त्यांनी विचारलं. सात वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

 मोतीरामला बोलतं करायला मलाच दोनदा हटकावं लागलं. मग म्हणाला, "छाया सांगायची. आप्पा, मला कायच कळत नाय तोंडात. एकदा द्राक्षं चाखू द्या, मग घेईन म्हणायची. विळा स्वच्छ निघाला, मला वाटलं आता काय हरकत हाय. जानेवारीत पयला घड आणला तिला बागंतनं. खाल्ला आन् हासली. गोड हाय आप्पा, म्हणली."

"हे कधी बोलला नाय तुमी."

"गेलेल्या पोरीवर कशाला टाकायचं?"

आता मात्र मला राहवेना. लाज वाटत होती, तरी बोललो. "बाई, विळ्याने बघा असं मी म्हणालो होतो. गर्दी होती, मी थट्टेत म्हणालो. यांनी कधी माझं नाव सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही."

 सिंधुबाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमी हासून बोलला. यांनी खरं धरलं. हा माणूस सगळंच खरं धरतो."

आणि मग त्या रडल्या. मोतीराम मधलं अंगण ओलांडून गेला नाही. दीपकच मध्ये उभा होता, कोणाकडे जावं ते न कळून.

त्याच संध्याकाळी दीपकला कर्णिकांनी तपासलं. लिव्हरला सूज होती, पण भागण्यासारखं होतं. गोळी पुन्हा सुरू झाली. निघताना सिंधुबाई जिन्यात थांबल्या आणि मोतीरामकडे न बघता म्हणाल्या, "त्यो माझ्याम्होरं फसवतो. सकाळी तुमी येत जा. तुमच्याम्होरं घेऊ द्या."

दुसऱ्या दिवसापासून मोतीराम नाशिकच्या निमाणी स्टँडवरून दिंडोरीची पहिली गाडी धरू लागला. पुढे दोन कोस चालत. मुलाला गोळी द्यायची, तोंड उघडून दाखव म्हणायचं, पंधरा मिनिटं शेजारी बसायचं आणि परत यायचं, की शेवंतीची तोड. थंडी, पाऊस, दिवाळी, संप, काही म्हणून चुकलं नाही. संपाच्या दिवसांत सायकलने गेला. पाऊण वर्षाने पावसाळ्यात तो चिंब भिजून पोचला तेव्हा सिंधुबाईंनी टॉवेल पुढे केला आणि म्हणाल्या, "ऱ्हावा आता हितंच." शेवंती त्याने भावाला कसायला दिली.

मग कॅन आणायला मोतीराम येईना झाला. सहा महिन्यांनी खंडेरावमामांनी कोणाच्या तरी हाती पाठवला, त्यानंतर दीपक स्वतःच आणायला लागला. आकडा पुन्हा चारशेच्या घरात होता. मला मोतीरामची वाट बघायची इतकी सवय झाली होती की दारात दुसरं कोणी कॅन घेऊन दिसलं की वाईट वाटायचं. तो सुखात आहे म्हणून येत नाही, हे कळत असूनही.

दोन हजार आठमध्ये, मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी, दीपक आला. एकोणीस वर्षांचा, दिंडोरीकडच्या एका वायनरीत कामाला लागलेला. मी विचारलं, "आप्पा कसे आहेत? अजून गोळी तेच देतात? तू आता मोठा झालास की."

तो हसला. "मी घेतो म्हणलं माझी माझी, तर ऐकत नाहीत. पाचला उठून डबी घेऊन बसतात."

"चांगलंय की."

"चांगलंय. पण काका, रोज दोन काढतात."

मला कळलं नाही. डोस वाढवला का, असं मी विचारलं.

"नाय. एक मला देतात. दुसरी तळहातावर धरून बसतात, मी पाणी पिऊन होईस्तोवर. मग ती परत डबीत टाकतात आन् झाकण लावतात. आई चुलीम्होरं असती. तिला दिसतं, पण ती काय बोलत नाय."